रॉसाहेब

आमचे दाजी सांगलीचे. पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक सोडलं, याची चौकशी सगळी सांगलीच करत असते. इथं धरणाचे दरवाजे उचलले की तिकडं आयर्विन पुलाकडं डोळे लावून बसायचं: 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. दाजींचाही फोन येतो. पण त्यांचा प्रश्न वेगळा असतो. "दरवाजांवर ऊन किती वाजता येतं?"

ऑगस्टमधल्या एखाद्या शनिवारी त्यांची गाडी कोयनानगरला आमच्या दारात उभी राहते. आधी ट्रायपॉड उतरतो, मग रेनकोट घातलेली कॅमेऱ्याची बॅग, मग भाचा, मग ताई आणि शेवटी भडंगाचा पुडा. दाजींनी स्वतः रेनकोट घातलेला नसतो. एकच होता, तो बॅगेला दिला.

दाजी कुणालाही "काय म्हणताय, बरे आहात ना?" असं विचारत नाहीत. "कशात काढता?" असं विचारतात. समोरच्यानं भाबडेपणानं "मोबाइलमध्ये" म्हटलं की त्याला सोडून देतात, अज्ञान्याला पाप लागत नाही. पण कॅमेरा गळ्यात घालून कुणी "जेपेग" म्हणाला, तर दाजींचा चेहरा सोवळ्यातल्या माणसाला कुत्रं शिवल्यासारखा होतो. ते स्वतः फक्त रॉमध्ये काढतात. म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव रॉसाहेब. अर्थात त्यांच्या माघारी. दाजी आहेत शेवटी.

रॉ म्हणजे काय, हे त्यांनी आमच्या आईला चुलीपुढं बसून समजावलं होतं. "हे बघा, जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानं आपल्या मनानं शिजवलेलं जेवण. तिखट किती, मीठ किती, तोच ठरवणार, आणि उरलेलं सामान फेकून देणार. रॉ म्हणजे शिधा. सेन्सरवर जेवढा उजेड पडला तेवढा जसाच्या तसा. काय रांधायचं ते घरी जाऊन आपण ठरवायचं."

आईला पटलं. ताई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सहा वर्षं शिधाच भरतोय. चूल कधी पेटणार?"

या प्रश्नावर दाजी नेहमी आकड्यांत बोलतात. जेपेगमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. माणूस खरं बोलतो, हीच पंचाईत आहे. नवजाला ओझर्डे धबधब्यापुढं उभं राहिलं की त्यांचं म्हणणं डोळ्यांना दिसतं. पाणी पांढरंफेक, बाजूचा कातळ काळाकुट्ट. माझ्या जेपेगमध्ये धबधब्याच्या जागी चुना सांडल्यासारखा दिसतो. चुना झालेलं पाणी परत पाणी होत नाही. रॉमध्ये मात्र उजेड अगदीच हाताबाहेर गेला नसेल तर फेसाची एकेक धार काढता येते. शिवाय, दाजींच्या सांगण्यानुसार, सेन्सरवर हिरव्याचे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात. ऑगस्टातली कोयना बघितली की ज्यानं ही वाटणी केली तो एकदा इकडं येऊन गेला असावा असं वाटतं.

पण शिध्याला ओझं असतं. त्यांच्या 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक रॉ फाइल 25-30 एमबीची. मागं एकदा शेकरू दिसलं. दाजींनी ते नुसतं बसलेलं असताना धडाधड बटण दाबलं. शेवटी शेकरूनं या झाडावरून त्या झाडावर झेप घेतली, तेव्हा कॅमेऱ्याचा बफर भरलेला आणि लाल दिवा लुकलुकतोय. ती झेप भाच्याच्या मोबाइलमध्ये आली. धूसर आली, पण चहा यायच्या आत सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर पोचली.

त्यावर मी एकदाच दाजींपुढं शहाणपणा केला. म्हटलं, 2015 मध्ये रॉयटर्सनं बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवलं होतं, रॉवरून बनवलेला फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातूनच निघालेला जेपेग द्या. दाजी शांतपणे म्हणाले, "बातमी शिळी होते. कला होत नाही." भाचा पुटपुटला, "हार्डडिस्क फुल्ल होते."

ते मात्र खरं. कोयना धरणात 105.25 टीएमसी पाणी मावतं, आणि पाणी वाढलं की सहा वक्र दरवाजे उचलून सोडून देतात. दाजींच्या हार्डडिस्कला सांडवा नाही.

खरी गंमत झाली ती आण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाला. आमचे वडील. उभी नोकरी प्रकल्पावर. कार्यक्रम म्हणजे फ्लेक्स आला, आणि फ्लेक्स म्हणजे फोटो. आदल्या पावसाळ्यात नेहरू उद्यानात दाजींनी आण्णांचे चांगले 43 फोटो काढले होते, छत्री घेऊन उभे, मागं धरण. ताईनं फोनवरून हार्डडिस्कची जागा विचारली, भाच्यानं पेन ड्राइव्ह भरला आणि मी तो फ्लेक्सवाल्याकडं घेऊन गेलो.

त्यानं क्लिक केलं. परत केलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पावनं, ह्यात फोटो हाय का व्हायरस?" त्याचं फोटोशॉप जुनं, दाजींचा कॅमेरा नवा. नव्या कॅमेऱ्याची रॉ जुन्या सॉफ्टवेअरला ओळख देत नाही. "जेपीजी द्या की. जेपीजी कुठंबी चालतंय." ते 1992 चं प्रमाण, आजही कुठल्याही डबड्यावर उघडतं.

दाजींना फोन लावला. "घाई करू नका, अजून एडिट करायचेत," ते म्हणाले. कार्यक्रम परवा होता. फ्लेक्सवर आण्णांचा आधार कार्डावरचा फोटो लागला. दहा फुटांवर तो असा दिसत होता की येणारे पाहुणे हात जोडून आधी दबक्या आवाजात विचारायचे, "कधी झालं?" आण्णा स्वतः दारात उभे राहून सांगत होते, "अजून नाही."

दिवाळीला दाजी फ्रेम घेऊन आले. खोटं कशाला बोलू, असा फोटो आमच्या घरात दुसरा नाही. छत्रीखाली चेहरा अंधारात गेला होता, तो त्यांनी रॉमधून हळूहळू उजेडात आणलेला. सुरकुत्या, कानावरचे केस, खिशातल्या पेनाचं टोपण, मागं ढगांत विरत गेलेली भिंत. आण्णा बराच वेळ बघत बसले. मग भिंतीवरच्या आपल्या तरुणपणीच्या एकुलत्या एक काळ्या-पांढऱ्या फोटोकडं बोट केलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपात अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडल्यावर ढिगाऱ्यात मिळालेला.

"जावईबापू, तुमचं रॉ म्हणजे आमच्या वेळची निगेटिव्हच की."

"अगदी बरोबर, आण्णा!" दाजींना सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी समजून घेतलं होतं.

"आम्हीबी निगेटिव्ह जपायचो," आण्णा म्हणाले. "पण प्रत आधी काढून घ्यायचो."

यंदाच्या ऑगस्टात दाजींनी कॅमेरा रॉ अधिक जेपेगवर लावला. नेहरू उद्यानाच्या तिकीट खिडकीपाशीच त्यांचं कार्ड भरलं.