शहरातल्या बाजाररसिकांना एटापल्लीहून जोहार

प्रति,
माननीय आठवडी-बाजार-रसिक,
मुंबई, पुणे, नागपूर वगैरे.

जोहार.

शहरात कोणत्या वारी कोणत्या खाद्यबाजाराला जावं, तिथे आधी काय चाखावं, फोटो कुठून चांगला येतो, अशा आपल्या याद्या आम्ही इकडे मोठ्या आवडीने वाचतो. वांद्र्याला 2010 पासून रविवारचा शेतकरी बाजार सुरू झाला. 2016 साली सरकारने थेट विधानभवनाच्या आवारात शेतकरी आठवडी बाजार मांडला. लोकप्रतिनिधींना भाजी जवळून बघायला मिळाली, बरंच झालं. तक्रार एवढीच, की आपल्या एकाही यादीत गडचिरोलीतल्या आमच्या एटापल्लीच्या बाजाराचं नाव नाही. म्हणून हा अर्ज.

काय काय नाही ते आधीच सांगून टाकतो, मागाहून कटकट नको. मंडप नाही, गिटारवाला नाही, भावाची पाटी नाही. जमिनीवर पोतं आणि पोत्यावर वाटे. तराजू व्यापाऱ्याकडे; आतल्या गावातून चालत आलेल्या बाईकडे पायली, नाहीतर आपली ओंजळ. ती माडिया बोलते, किराणावाला तेलुगू, मिठाईवाला बंगाली, आणि सरकारी माणूस मराठी. भाव बोटांवर होतो. यात फसवलं कोण जातं, हे आपल्यासारख्या जाणकारांना सांगायला नको.

मेनूकार्ड मात्र ऋतूकडे आहे. मार्च-एप्रिलात मोहफूल, मग चारोळी, पावसाच्या तोंडावर टोळी, म्हणजे मोहाची बी. मृग बरसला की तरोट्याची कोवळी भाजी आणि बांबूचे वास्ते (कोवळे कोंब), आणि पुढे पावसाळा मुरला की सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या. सात्यांचा भाव ऐकून कोंबडी स्वस्त वाटते, तरी तासाभरात पोतं रिकामं. बारमाही माल म्हणाल तर सुकट. तिचा वास आपल्याला बाजाराच्या अलीकडेच गाठेल.

आता मुंग्यांविषयी. आपण त्यासाठीच याल हे आम्ही ओळखून आहोत. पानं शिवून बांधलेलं लाल मुंग्यांचं घरटं फांदीसकट खाली काढतात, झटकतात, आणि मुंग्या अंड्यांसकट द्रोणात येतात. पांढरी अंडी, त्यावर अजून जीव असलेली एखादी लाल मुंगी, आणि द्रोण झाकायला आणखी एक पान. घरी मिरची-मीठ घालून पाट्यावर वाटायचं. आंबटपणा मुंगीचा स्वतःचा, चिंच लागत नाही. याच चटणीवरून आमच्या पोरांना तालुक्याबाहेर चिडवतात. पण जानेवारी 2024 मध्ये ओडिशातल्या मयूरभंजच्या असल्याच चटणीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मुंगी एका रात्रीत खानदानी झाली. पोरांना ते मानांकन अजून मिळायचं आहे.

मोहाचंही तसंच. 1993 पासून आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. त्याआधीपासून दारूबंदी कायद्याने मोहफुलावर बंधनं होतीच. जे फूल देवाला चालतं ते पोत्यात भरलं की संशयित. संकलन, साठवण आणि वाहतुकीवरची ही बंधनं राज्याने 2021 साली उठवली. केंद्राने 2020 मध्ये सुक्या मोहफुलाचा आधारभाव किलोमागे 17 वरून 30 रुपये केला होता. याच फुलाचा लाडू डब्यात बसून आपल्या शहरात पोचतो तेव्हा त्याचा जो भाव होतो, तो म्हणायला आमची जीभ वळत नाही.

आपण दलाल हटवला म्हणे, शेतातून थेट ताटात. अभिनंदन! आमच्याकडेही जंगलातून थेट बाजारात असंच आहे. मध्ये फक्त कोचिया उभा असतो. तो बाजारात बसत नाही. बाजाराच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, गाडी स्टँडवर लावून. बाईच्या डोक्यावरची टोपली पुरती खाली यायच्या आत त्याचा हात चारोळीत गेलेला असतो. घ्यायचं माप एक, द्यायचं दुसरं. तरी हा सुधारलेला काळ: पूर्वी मिठाच्या मापाला चारोळीचं माप जायचं. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी जंगलात राहणाऱ्यांना दिली. कागद पक्का आहे, टोपली मात्र त्याच रस्त्याने येते. तेंदू आणि बांबूचा व्यवहार आता जिल्ह्यातल्या बऱ्याच ग्रामसभा स्वतः करतात, तिथे कोचियाचं तोंड जरा बारीक झालंय. आपल्या यादीत हेही घालता आलं तर बघा. फोटो येत नाही, हे खरं.

यायचं ठरलंच तर आलापल्लीमार्गे या. वाटेत सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक भेटतील. अंगावर बसणारी लाल पूड चटणी नव्हे, झटकून टाका. बाजार सकाळीच गाठा. अंधाराच्या आत लोकांना जंगलातून गावी पोचायचं असतं, सूर्यास्ताच्या फोटोसाठी कोणी थांबत नाही. बाईचा फोटो काढण्याआधी तिला विचारा. आणि दोन रुपये पाडून घेतल्याचा किस्सा परतीच्या गाडीत सांगू नका, ड्रायव्हर इथलाच असतो.

आपला नम्र,
एटापल्लीच्या बाजारातला एक पिशवीधारी

ता. क. नमुन्यादाखल सात्या पाठवणार होतो, पण एसटीने आपल्यापर्यंत येईस्तोवर त्यांचा रस्सा झाला असता. इथे आलात तर अख्खा वाटा घ्या. फोटोपुरत्या दोन कोणी सुट्या देत नाही.