धोका आपल्या आवडीचा

कोरोनाच्या साथीत १५ ऑगस्ट २०२१ रोजी लसवंतांसाठी, म्हणजे दोन्ही डोस घेतलेल्यांसाठी, लोकल सुरू झाली आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात भांडणं सुरू झाली. तोवर भांडायला विषयच नव्हता. कुठे जायचं, किती जणांनी जायचं, किती वाजता परतायचं हे सगळं सरकार ठरवत होतं आणि आपण फक्त सरकारला नावं ठेवायची, अशी कामाची सुरेख वाटणी झालेली होती. जून २०२० मध्ये 'पुनश्च हरिओम' म्हणत टाळेबंदी सैल झाली, एप्रिल २०२१ मध्ये 'ब्रेक द चेन' म्हणत पुन्हा आवळली, मग निर्बंधांसाठी जिल्ह्यांचे पाच स्तर झाले. पॉझिटिव्हिटी रेट आणि ऑक्सिजनच्या खाटा पाहून वाण्याचं दुकान किती वाजता बंद व्हायचं ते ठरू लागलं, आणि आम्ही इस्त्रीवाल्याशीसुद्धा साथरोगशास्त्रात बोलू लागलो. ऑगस्टनंतरचा प्रश्न मात्र निराळा होता. 'चालतं का?' हे विचारायचं कारण उरलं नव्हतं, बरंचसं चालत होतं. 'जावं का?' एवढंच ठरवायचं होतं, आणि ते सांगणारा शासन निर्णय काही निघेना.

मग राज्याचा होता तसा आम्हीही घरच्या घरी टास्क फोर्स नेमला. अध्यक्षपदी बायको, सदस्य मी आणि मुलगी. जिच्या जिवासाठी हा सगळा खटाटोप ती माझी आई, वय ७८, बैठकीच्या वेळी आतल्या खोलीत मालिका बघत असायची. निकष शास्त्रीय ठेवायचे ठरलं. जागा बंद की मोकळी, माणसं किती, थांबायचं किती वेळ, आणि मास्क कोणाच्या नाकावर, कोणाच्या हनुवटीवर. मुलीने वहीत रकाने आखले आणि लाल-हिरवी स्केचपेनं काढली.

पहिल्याच बैठकीत शास्त्राचे तीन तेरा वाजले. बायकोच्या मते ठाण्याला तिच्या बहिणीकडे जाण्यात धोका असा काही नव्हताच. "घरचीच तर माणसं आहेत," ती म्हणाली. माझा चुलतभाऊ मुलुंडला राहतो, तोही घरचाच माणूस, असं मी दबक्या आवाजात सुचवून पाहिलं. "अहो, बंद घर, दिवसभर एसी आणि तुमची वहिनी सारखी शिंकते," असा निकाल आला. वहिनी धुळीने शिंकते आणि लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून शिंकते. पण मुलुंड लाल रकान्यात गेलं ते गेलं. मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखा होतो? मित्रांबरोबर टपरीवर चहा पिणं हे मोकळ्या हवेतलं म्हणून सुरक्षित, आणि बायकोबरोबर पडदे खरेदीला जाणं मात्र बंद जागेतलं, दीर्घकाळचं, म्हणून अतिजोखमीचं, हे मी पुराव्यानिशी सिद्ध केलं. मुलीच्या मैत्रिणी जात्याच निर्जंतुक होत्या. कॉलेजच्या व्याख्यानाला मात्र हवा खेळती नव्हती. वही भरली तेव्हा दिसलं ते असं, की हिरव्या रकान्यात आम्हाला हवीशी वाटणारी सगळी माणसं होती आणि लाल रकान्यात उरलेलं जग.

याला शास्त्राधार नाही असं कोणी म्हणू नये. चॉन्सी स्टार नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९६९ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिहून ठेवलं आहे, की स्वतःहून पत्करलेला धोका माणूस लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट सहन करतो. शिकारीला जाणारा, बर्फावरून घसरायला जाणारा माणूस हाडं मोडायची तयारी ठेवतो, पण दुसऱ्याने गळ्यात घातलेली जोखीम त्याला तिळाएवढीही चालत नाही. हजाराचा आकडा पुढे इतर तज्ज्ञांना पटला नाही. त्यांनी आमच्याकडची वही पाहिली असती तर तो कमीच वाटला असता.

पाणीपुरीचंच घ्या. संध्याकाळी स्टेशनच्या बाहेर गाड्या पुन्हा लागल्या तेव्हा आमच्या भैयाने उजव्या हातात पारदर्शक प्लॅस्टिकचा मोजा चढवला होता. त्या मोज्याच्या अंगठ्याने तो पुरी फोडायचा, त्याच हाताने रगडा भरायचा, मनगटापर्यंत पुदिन्याच्या पाण्यात बुडवून पुरी वर काढायचा, मग तोच हात पुढे करून दहाची नोट घ्यायचा आणि पुन्हा पाण्यात. मोजा कोणाचं कोणापासून रक्षण करत होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण भोवती द्रोण घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येकाने आधी मोज्याकडे पाहिलं, समाधानाने मान डोलावली आणि मास्क खाली घेतला. आमच्या अध्यक्षबाईही त्यात होत्या. "उघड्यावर आहे ना," त्या म्हणाल्या, आणि तिखट जास्त घालायला सांगितलं. वर सुकी पुरी मागून घेतली. ती मागितली नसती तर जोखीम कमी झाली असती का, हा प्रश्न मी विचारला नाही.

तोच प्रकार धुण्यापुसण्याचा. २०२० च्या उन्हाळ्यात आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवली, फ्लॉवर पोटॅशियम परमँगनेटमध्ये ठेवून जांभळा केला आणि पेपर गॅलरीत उन्हात वाळवून मग वाचला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने जाहीर केलं, की अशा वस्तूला हात लागून लागण होण्याची शक्यता दर स्पर्शामागे साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. खरी गडबड हवेत होती. ही बातमी आम्ही घरात मोठ्याने वाचली, सगळ्यांनी ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी पुन्हा नळाखाली होती. त्यात नवल नाही. पिशवी धुता येते, हवा धुता येत नाही. जे हाताने करता येतं ते करून टाकलं की जे करता येत नाही त्याचा विचार थोडा लांबतो, आणि दूधही स्वच्छ दिसतं.

लोकलची गंमत तर न्यारीच. डोंबिवलीच्या माणसाला धोका म्हणजे काय ते शिकवायची गरज नाही. साथीआधीच्या काळात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरत होती, कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. त्यासाठी कोणी घरात टास्क फोर्स नेमला नव्हता. आता मात्र गाडीत शिरताना माणूस आधी खिडकी उघडी आहे का बघायचा. दारात लटकू नका, असं रेल्वे वर्षानुवर्षं बजावत आली. आता विषाणू हवेतून पसरतो असं ठरल्यावर अख्ख्या डब्यातली सर्वांत आरोग्यदायी जागा कोणती, तर दार. "वारा लागतो, व्हेंटिलेशन राहतं," आमचे शेजारी नाना दांड्याला धरून एका पायावर उभे राहत म्हणाले. नाकावर त्यांनी एन-९५ घातला होता, वर सर्जिकल. बाकी शरीर कळव्याच्या पुलावरून बाहेर होतं.

आणि लग्नं! पन्नास माणसांची मर्यादा होती तेव्हा यजमान आणि पाहुणे दोघांचीही सोय झाली होती. "बोलवायचं खूप होतं हो, पण नियम," असं यजमान म्हणायचे, "यायचं खूप होतं हो, पण परिस्थिती," असं पाहुणे म्हणायचे, आणि दोघेही मनात सत्यनारायण घालायचे. यादी करताना मात्र घराघरांत यादवी माजली. पन्नासात भटजी धरायचे का, फोटोग्राफर धरायचा का, आणि आत्याबाई आल्या तर त्यांचे यजमान गेटवर थांबतील का? पन्नासात ज्यांचं नाव नव्हतं त्यांच्याकडे कुरिअरने लाडू गेले. ते आमच्याकडे आले तेव्हा बायकोने खोक्यावर सॅनिटायझर फवारला, पण तो संसर्गाच्या भीतीने होता असं मला वाटत नाही.

हसण्यावारी नेतोय खरं, पण भीती उगाच नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या इमारतीच्या ग्रुपवर रात्री दोन वाजता ऑक्सिजन सिलिंडरची चौकशी व्हायची, सकाळी रेमडेसिव्हिर कुठे मिळेल अशी विचारणा, आणि दुपारपर्यंत कधी कधी हात जोडलेली चिन्हं. शिवाय या रोगाची एक वाईट खोड होती. दारातून पडलो तर मी पडणार, पण गर्दीत मी हिंडलो तर खोकणार आई. म्हणून तर वही होती, रकाने होते, आणि लाल रंगाचं स्केचपेन आधी संपलं होतं.

या सगळ्यात एक बाब टास्क फोर्सच्या नजरेतून सुटली होती. लोकलसाठी दोन्ही डोस आणि वर १४ दिवस अशी अट होती. कोविशील्ड लशीच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं. आम्हा नवराबायकोचा दुसरा डोस नुकताच झाला होता, मुलीचा बाकी होता. ज्येष्ठांना आधी मिळाल्यामुळे घरात प्रवासाची सरकारी परवानगी असलेली व्यक्ती एकच होती, आणि ती आतल्या खोलीत मालिका बघत होती.

जाहिरात लागली तशी ती बाहेर आली. "तुमची मीटिंग झाली असेल तर सांगते. मी उद्या दादरला तुझ्या मावशीकडे जाणार आहे."

आम्ही तिघेही एकदम बोललो. हवा, गर्दी, तिसरी लाट, तिचा रक्तदाब. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वही मागितली. चष्मा लावून पानं उलटली.

"सगळं लिहिलंयत रे," ती म्हणाली. "मी घराबाहेर पडले तर काय होईल ते सगळं आहे. नाही पडले तर काय होईल, ते कुठल्या रकान्यात?"

अध्यक्षबाई गप्प. सदस्यही गप्प.

"बाळ, मला ७८ वर्षं झाली, ताईला ८१. दीड वर्ष तुम्ही मला जपलंत, बरंच केलंत. पण तुमचा आलेख खाली येईपर्यंत ती थांबेल, असं तिने तुम्हाला लिहून दिलंय का?"

खर्चाची बाजू आम्ही पै-पैशानिशी मांडली होती, जमेची मांडायची राहून गेली होती. आणि जिच्या नावाने खातं उघडलं होतं, तिची सही कोणी घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टेशनवर घेऊन गेलो. तिथे महापालिकेच्या टेबलावर एकाने प्रमाणपत्र तपासलं, आधार कार्ड तपासलं आणि कागदावर शिक्का मारला. तो कागद घेऊन खिडकीवर गेलो तर कळलं, की तिकीट मिळायचं नाही, फक्त महिन्याचा पास. एकदाच जायचं असलं तरी महिन्याभराचाच घ्यायचा. सरकारने धोका सुटा विकायचा नाही असं ठरवलेलं दिसत होतं. मला वाटलं, आई आता परत फिरेल. तिने पिशवीतून पैसे काढले.

मध्यमवर्गीय मराठी माणसाला साथीची भीती वाटते, पण काढलेला पास फुकट जाण्याची त्याहून जास्त वाटते. मावशीकडे ती जाऊन आली. मग "पास आहेच तर" म्हणून ठाण्याला व्याहीणबाईंना भेटली. "पास आहेच तर" म्हणून माटुंग्याला चकलीची भाजणी आणायला गेली, जी डोंबिवलीत कोपऱ्यावर मिळते. आणि एक दिवस थेट लाल रकान्यात, म्हणजे मुलुंडला जाऊन आली. "ती धुळीने शिंकते," परत येऊन तिने अहवाल दिला. "मी गेल्या गेल्या पंखे पुसून घेतले. आता शिंकत नाही." प्रत्येक वेळी नाकावर मास्क, खिडकीजवळची जागा आणि गर्दी टळून गेल्यावर दुपारची गाडी. आमच्या सगळ्या नियमांतले कामाचे तेवढे नियम तिने बरोबर उचलले होते. पास संपला तेव्हा तिने नवा काढला.

जानेवारी २०२२ मध्ये कोरोनाचा नवा अवतार ओमायक्रॉन डोंबिवलीत फिरत होता. टास्क फोर्सने पुन्हा कडक धोरण स्वीकारलं. मी आठवडाभर उंबरठा ओलांडला नाही. संक्रांतीला मेहुणी सहकुटुंब तिळगूळ द्यायला आली, हिरव्या रकान्यातली, घरचीच माणसं, आणि चौथ्या दिवशी मी, बायको आणि मुलगी असे तिघेही तापाने आडवे झालो. ताप साधा होता, उतरला. आईला काही झालं नाही. ती त्या वेळी पास वसूल करायला मावशीकडे राहायला गेली होती.

मग गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, २ एप्रिल २०२२ पासून, राज्यातले निर्बंध उठले आणि मास्कही ऐच्छिक झाला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण मला काळजीच वाटली. 'नियम आहे हो' हे दोन वर्षं पुरलेलं उत्तर आता हातात राहिलं नव्हतं. यापुढे कोणाकडे गेलो नाही तर मला जायचं नव्हतं म्हणूनच, हे दोन्ही बाजूंना कळणार होतं. पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी चिपळूणहून लांबच्या एका काकांचा फोन आला. मे महिन्यात नातवाची मुंज, तीनशे माणूस, बंद हॉल. "आता कसलं निमित्त नाही, यायचंच."

मी फोनवर हात ठेवून टास्क फोर्सकडे पाहिलं. बायको हॉलला खिडक्या किती ते विचारा म्हणाली. मुलीने पॉझिटिव्हिटी रेट शोधायला मोबाइल उघडला.

आईने मालिकेचा आवाज कमी केला.

"आधी जेवायला काय आहे ते विचार," ती म्हणाली, "मग धोका किती ते ठरवू."