निकाल आमचा, मुलगा तुमचा

शिकवणी लावणं ही एके काळी घरातली झाकायची गोष्ट होती. गणितात गचकलेल्या पोराला गल्लीतल्या निवृत्त मास्तरांकडे पाठवायचं आणि शेजाऱ्यांनी विचारलंच तर ‘जातो आपला अभ्यासाला’ म्हणून विषय बदलायचा, अशी रीत होती. मास्तरांची पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. महिनाअखेरीला पाकिटात घालून दिलेले पैसेही ते न मोजता टेबलाच्या खणात टाकत. आज उलट आहे. दहावीतला पोरगा कुठल्याच क्लासला जात नसेल, तर सोसायटी त्या घराकडे काळजीने पाहते. बापाची नोकरी गेली की काय?

तेव्हा ‘दर्जेदार क्लास कसा चालवावा’ हा प्रश्न आता राज्यातल्या होतकरू तरुणांनी गंभीरपणे घ्यायला हवा. (शिकवावं कसं, हा प्रश्न निराळा. तो बी.एड.च्या अभ्यासक्रमात आहे, तिथेच राहू द्यावा.)

या धंद्याचं इंगित असं की दर्जा तयार करत बसायचा नसतो, तो दारातच उचलायचा असतो. ‘नीट’चं उदाहरण घ्या. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराचा एक वजा. २०२४ मध्ये या परीक्षेला देशभरातून २४ लाखांच्या आसपास मुलांनी नोंदणी केली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या जास्त. आता कोणी शिकवो न शिकवो, त्या लाखभर जागा भरणारच. प्रश्न एवढाच, की भरणाऱ्यांची नावं कोणाच्या रजिस्टरमध्ये असतील. म्हणून शहाणा क्लासचालक फळा-खडू घेण्याआधी ‘स्कॉलरशिप टेस्ट’ घेतो. शहरातली मुळात हुशार पोरं त्या चाळणीतून हाती लागतात. त्यांना फी माफ, हॉस्टेल माफ, पुस्तकं घरपोच. दोन वर्षांनी त्यांचा निकाल लागतो आणि ‘सरांनी घडवलेले हिरे’ म्हणून चौकात झळकतो. हिऱ्यांचा खर्च उरलेल्या पोरांच्या आयांनी भिशी मोडून भरलेल्या फीतून निघतो, पण तो तपशील फ्लेक्सवर मावत नाही.

फ्लेक्सची रचना नीट पाहण्यासारखी असते. मध्यभागी ब्लेझर घातलेले, हाताची घडी घातलेले सर. भोवती टपाल तिकिटाएवढ्या चौकटींत पोरं. खाली ‘१०० पर्सेंटाइल’ असे ठळक आकडे आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरांत ‘रसायनशास्त्र’. म्हणजे एका विषयात, एका सत्रात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, आपल्यामागे किती जण राहिले त्याचं ते माप आहे, हे सरांना पक्कं ठाऊक असतं. ते पालकांना ठाऊक होऊ नये, याचीही काळजी सरच घेतात.

या विद्येत दिल्लीने मात्र महाराष्ट्राला मागे टाकलं. २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेतून एकूण ९३३ उमेदवार निवडले गेले. तिथल्या एका क्लासने जाहीर केलं, यातले ६८२ आमचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने खोलात जाऊन पाहिलं, तर त्यातले ६७४ जण फक्त नमुना मुलाखतीपुरते त्या दारात आले होते, आणि ती मुलाखत मोफत होती. पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा ही पोरं भलतीकडेच शिकून किंवा आपली आपण अभ्यास करून पार करून आली होती. चहा पाजला त्याने हक्क सांगितला! प्राधिकरणाने दंड ठोठावला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्याच क्लासेसच्या जाहिरातींसाठी नियम आले: यशस्वी विद्यार्थ्याची लेखी संमती निकालानंतर घ्यायची, तो कोणत्या कोर्सला होता, किती दिवस होता, फी भरली होती का, हे सांगायचं. नियम उत्तम आहेत. चौकातले फ्लेक्स वाचून मात्र ते सर्वांपर्यंत पोचलेत असं वाटत नाही.

महाराष्ट्रात याचं तीर्थक्षेत्र लातूर. तिथली गोष्ट जरा वेगळी सुरू झाली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव गाजलं ते राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या कॉलेजांमुळे. जादा तास, सराव परीक्षांचा सपाटा आणि आपल्याच पोरांमागे हात धुऊन लागलेले प्राध्यापक, हा तो पॅटर्न. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईची मिरासदारी त्याने मोडली. पुढे कॉलेजं मागे पडली आणि त्यांच्या कीर्तीवर क्लास उभे राहिले. आज उद्योग भवनाच्या परिसराला सगळं लातूर ‘ट्यूशन एरिया’ म्हणतं. जिथे उद्योग यायचे होते तिथे उद्योगच आला, नियोजनकारांना दोष देता येत नाही.

कॉलेजांनीही मग शहाणपण शिकून घेतलं. पोराचं नाव अकरावीत कॉलेजात आणि पोरगा दिवसभर क्लासात, या व्यवस्थेला ‘इंटिग्रेटेड’ असं भारदस्त नाव आहे. प्रयोगवहीवर सही कॉलेजची, प्रयोग कोणाचाच नाही. २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. वर्गात मुलं नाहीत यावर उपाय म्हणून वर्गात अंगठे मागवले.

प्रवेशाचा सोहळा पाहावा तो समुपदेशन केबिनमध्ये. एसी थंडगार, टेबलावर पाण्याच्या छोट्या बाटल्या, समोर मॅडम. “सर, तुमच्या आर्यनमध्ये पोटेन्शियल आहे.” परीक्षेत आर्यनला चाळीस टक्के मिळालेत आणि स्कॉलरशिपही चाळीस टक्के. बापाचा चेहरा खुलतो. ही सूट ज्या फीवर मिळते ती छापील फी आजवर कोणीही भरलेली नाही, हे त्याला कसं कळावं? “पण ऑफर आज सहापर्यंतच आहे हं.” आई हळूच विचारते, हप्ते पडतील का. पडतात ना! हप्त्यांचा माणूस शेजारच्याच खुर्चीत असतो, तो फायनान्स कंपनीचा. कर्ज बापाच्या नावावर, पैसे एकरकमी क्लासच्या खात्यात. आर्यनला एक बॅग, एक टी-शर्ट आणि वीस किलो ‘मॉड्युल्स’ मिळतात. या सगळ्यात आर्यनला कोणी काही विचारल्याचं ऐकिवात नाही.

सरकारला हे दिसत नाही असं नाही. क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तेवढ्यापुरता क्लास अगदी स्पष्ट दिसतो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने नियमावलीही आणली. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, पदवीपेक्षा कमी शिकलेले शिक्षक नकोत, शाळेच्या वेळेत तास नकोत, दिवसाला पाच तासांहून जास्त नकोत, एका मुलाला किमान एक चौरस मीटर जागा हवी, चाचण्यांचे गुण चव्हाट्यावर मांडू नयेत. वाचून डोळे पाणावतात. कारण त्याच आठवड्यात ‘सहावीपासून फाउंडेशन’चे हँडबिल पेपरात घालून येतात आणि रविवारच्या टेस्टची क्रमवारी सोमवारी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते. पहिल्या उल्लंघनाला दंड २५ हजार. एवढे पैसे क्लासवाल्याच्या फ्लेक्सच्या बजेटात सहज बसतात. शिवाय नियमावली केंद्राची, अंमल करायचा राज्यांनी. महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास क्लासेसच्या कायद्याचा मसुदा तयार झाला होता. बिचारा अजून रिपीटर बॅचला आहे.

एवढं सगळं जमूनही धंदा बुडत नाही असं मात्र नाही. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर नाव मिरवणाऱ्या ‘बायजूज’चं मोल २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितलं जात होतं. २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. जानेवारी २०२५ मध्ये ‘फिटजी’ची उत्तरेतली अनेक केंद्रं ऐन परीक्षेच्या तोंडावर बंद झाली. शिक्षकांचे पगार थकले होते आणि ते सोडून गेले होते. इमारती होत्या, एसी होते, फ्लेक्स होते, मॉड्युल्स होती. क्लास शिक्षकांवर चालतो, ही बातमी चालकांना बरीच उशिरा कळली.

खरे शिकवणारे सर आणि मॅडम आजही आहेत. तालुक्याच्या गावात, भाड्याच्या दोन खोल्यांत, पंख्याखाली, तेच गणित चौथ्यांदा तितक्याच शांतपणे समजावताना ते सापडतात. त्यांच्याकडे ब्लेझर नसतो. त्यांच्या वर्गातून पहिला येणारा पोरगा पुढच्या वर्षी मोठ्या क्लासच्या फ्लेक्सवर झळकतो, आणि ‘आमच्या बापूचा फोटो लागला’ म्हणून पेढे वाटायला हेच सर पुढे असतात.

राहता राहिले पालक. फ्लेक्सवर कायम अंश छापतात, छेद कधीच नाही. पन्नास निवडले गेले हे सांगतात. पन्नास कितींपैकी, हे गाळतात. यंदा केबिनमध्ये बसाल तेव्हा पाण्याची बाटली उघडण्याआधी तो खालचा आकडा लेखी मागा. मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळावी, असं केंद्राच्या नियमावलीत आहे. तेही पावतीवर लिहून मागा. मॅडम म्हणाल्या, “सर, असं कोणी विचारत नाही,” तर ऑफर सहाला संपू द्या आणि घरी या. फी आधीच भरून बसला असाल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.