कान पुढे!

घोड्यांचे फोटो काढणारा माणूस गर्दीत ओळखायचा असेल तर त्याच्या पँटचे गुडघे बघावेत. ते कायम मळलेले. घोड्याचा फोटो ताठ उभं राहून काढणं हे त्याच्या लेखी पाप. कॅमेरा घोड्याच्या छातीच्या उंचीला हवा आणि माणूस चांगला लांब. जवळून काढलात तर डोकं ढोलाएवढं येतं नि मागचा भाग शेळीचा. ही माहिती तो चहाच्या टपरीवरही देतो, विचारलेली नसताना.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथल्या घोडेबाजारात हा हमखास भेटतो. विक्रीचा फोटो म्हणजे साधं काम नव्हे. घोडा आडवा उभा करायचा, चारही पाय दिसले पाहिजेत. एक जरी दुसऱ्यामागे लपला तर गिऱ्हाईक फोनवर विचारतं, ‘चौथ्यात काय खोट आहे?’ पाय जमले की शेपूट हलते, शेपूट थांबली की माशी बसते. आणि हे सगळं जुळून आलं की घोडा कान मागे पाडतो.

कान हा या धंद्यातला खरा छळ. मारवाडी घोड्याचे कान आतल्या अंगाला वळलेले. पुढे केले की टोकं एकमेकांना टेकतात, आणि सगळा रुबाब त्या टोकांत. त्यासाठी मालकाचा भाचा कॅमेऱ्यामागे प्लास्टिकची पिशवी चुरगाळत उभा असतो. दोनदा घोडा फसतो, तिसऱ्यांदा त्याला पिशवी कळते. मग आमचा कलावंत मोबाइलवर खिंकाळण्याचं रेकॉर्डिंग लावतो. समोरच्या दावणीतले यच्चयावत घोडे कान टवकारतात, ओरडून उत्तर देतात. याचा घोडा तेवढा जांभई देतो.

एवढं करून मालकाची मागणी वेगळीच. ‘भाऊ, मागे फॉर्च्युनर येऊ द्या. आणि आम्ही पण.’ इथे आमचा माणूस स्टब्ज काढतो. जॉर्ज स्टब्ज हा अठराव्या शतकातला इंग्लिश चित्रकार. मेलेले घोडे टांगून, महिनोन्‌महिने त्यांची चिरफाड करून त्याने घोडा समजून घेतला, १७६६ साली त्यावर ग्रंथ काढला. ‘त्याचं व्हिसलजॅकेट बघा! मागे ना झाड, ना माणूस. नुसता घोडा.’ मालक शांतपणे ऐकतो आणि विचारतो, ‘विकला गेला का?’ घोडा पंचकल्याण आहे, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा. गळ्यावर देवमणीचा, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा आहे. तो भोवरा नीट आला म्हणजे झालं. फोटोत गाडी येते, गॉगलसकट मालक येतो. मला विचाराल तर मालकाचंच बरोबर आहे. पैसे तो देतो, आणि स्टब्जलाही कुणीतरी दिलेच होते.

उन्हाळ्याच्या शेवटी याला दरवर्षी एक झटका येतो. ‘घोडा संपला,’ तो जाहीर करतो. ‘या प्राण्यात आता काढण्यासारखं काही उरलं नाही.’ बायको त्याला गव्हाच्या कोठीकडे पाठवते, कारण ती खरंच संपलेली असते. मग प्रेरणेचे उपाय सुरू होतात. काळोख्या तबेल्याच्या दारात घोडा उभा करून नुसती आयाळ. नुसती नाकपुडी. नुसती पापणी. पापणीचा फोटो खरोखर देखणा होता: खाली आडवी, लांबट बाहुली, तिच्यात तबेल्याचं उजळ दार आणि दारात गुडघ्यावर बसलेला एक ठिपका, म्हणजे हा स्वतः. मालकाने फोटो उलटा-सुलटा करून पाहिला आणि बाकीचा घोडा कधी मिळेल ते विचारलं.

जुलैत पुण्याचा रेसचा हंगाम सुरू झाला की गडी पुन्हा माणसात येतो. पण कला सुचली की याचं शटर मंदावतं. मग हिरवट पट्ट्यावर तपकिरी पट्टा आणि मधे जॉकीच्या टोपीचा लाल डाग. ‘गती दाखवली आहे,’ तो म्हणतो. कोणी हसलं की मायब्रिज बाहेर येतो. १८७८ साली कॅलिफोर्नियात या फोटोग्राफरने धावपट्टीलगत १२ कॅमेरे मांडले आणि धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे दाखवून दिलं; तेही पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधी चित्रकार पुढचे पाय पुढे नि मागचे मागे ताणून घोडा हवेत उडवत. ‘म्हणजे त्याने गती थांबवली,’ मी म्हटलं, ‘आणि तुम्ही ती परत पुसताय.’ यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

लगीनसराईत पोट भरायला तो वरातीची कामंही घेतो. परवाच्या लग्नात घोडी पांढरीशुभ्र, नुकरा. बँड वाजत असूनही तिने दिव्यांच्या झोतात मान उचलली आणि कोणी पिशवी न वाजवता कान पुढे केले. मग भान कुठलं! अल्बम आला तेव्हा घोडी पानोपानी, आणि नवरदेव म्हणाल तर एक मोजडी, शेरवानीचं टोक आणि एका ठिकाणी गुडघा. वरपित्याने उरलेले पैसे द्यायला साफ नकार दिला. घोडीवाल्याने मात्र तीन प्रती मागितल्या, रोख देऊन.