म्हशीचा हातभार

देशाचं उत्पन्न वाढवायच्या वाटा दोनच: कामाला माणसं वाढवा, नाहीतर माणसामागचं काम वाढवा. अर्थशास्त्राचं सगळं बाड या एका गुणाकारात मावतं. बत्तीस शिराळ्याच्या पारावर तो मांडला, तर पहिली शंका येईल, माणसं मोजणार कोण?

सरकारी श्रमशक्ती पाहणीत घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीसही स्वयंरोजगारित धरतात. त्यामुळं आमचा वारणाकाठ भलताच कर्तबगार. घरात म्हैस एक. सासू धार काढते, सून वैरण टाकते, पदवीधर नातू डेअरीत दूध घालून येतो, आजोबा देखरेखीला. पगार एकालाही नाही, बेकारही कुणी नाही. पुण्यातली नोकरी सुटून धाकटा घरी आला, की रोजगारात थेट 25 टक्के वाढ! म्हैस दूध तेवढंच देते. तिच्यापर्यंत धोरण पोचलेलं नाही.

ही नुसती थट्टा नव्हे. 2018-19 मध्ये देशातले 42.5 टक्के कामकरी शेतीत होते, 2023-24 मध्ये 46.1 टक्के झाले. जगात माणूस बांधावरून कारखान्यात जातो, आपला उलटा निघाला. शेतात इतकी जादा माणसं असतात की थोडी काढली तरी पीक घटत नाही, हे आर्थर लुईसनं 1954 मध्येच लिहून ठेवलं. 1979 मध्ये त्याला नोबेल मिळालं. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या कापडगिरण्यांतली माणसं गावाकडं आली, भाताच्या त्याच वावरात उतरली आणि पीक काही वाढलं नाही. त्यांना नोबेल कुणी दिलं नाही.

फडातला हिशोब तर त्याहून चलाख. बीडकडून ऊसतोडीला आलेले नवरा-बायको मुकादमाच्या वहीत मिळून एक ‘कोयता’. उचल नवऱ्याच्या नावावर, मोळी बायकोच्या डोक्यावर. निम्मी माणसं मोजायचीच नाहीत, उत्पादकता आपोआप दुप्पट! एवढी सोपी युक्ती दिल्लीत कुणाला कशी सुचली नाही? आता हार्वेस्टर आलाय. तो मोळी बांधत नाही, उचल मागत नाही, आणि वाढ्याचा भुगा करून उडवतो. उत्पादकता चढली, वैरण गेली.

2025 च्या जानेवारीत एका बड्या कंपनीचे साहेब म्हणाले, आठवड्याला 90 तास राबा. भांगलण, धार, चूल धरली तर सुनेची नव्वदी केव्हाच उलटलीय. फक्त चुलीपुढचे तास राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत. रविवारी लोकांकडून काम करून घेता येत नाही, याचीही साहेबांना खंत होती. त्यांनी एक म्हैस पाळावी.