सायकलचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पैकी कृष्णेचं मूळ बघायला महाबळेश्वरची एसटी पकडली की झालं. सांगलीच्या मामांकडून साताऱ्याला आमच्याकडे आलेल्या सायकलचं कूळ मात्र भल्याभल्यांना सापडेना.

सायकल विलायती, एवढ्यावर एकमत होतं. मामा म्हणत, ‘हंबर’. कारण पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा. साताऱ्याच्या काकांनी चेनच्या चाकावर बोट ठेवलं. तिथं ‘बीएसए’ ही अक्षरं पोलादात कापलेली. ‘पाव्हण्यांना वाचता येतं ना?’ असा निरोपही सांगलीला गेला. मागचा हब रॉकेलनं पुसल्यावर ‘स्टर्मी-आर्चर’ हे नाव आणि 51 हा सालाचा आकडा निघाला. घंटी लुकासची, मडगार्ड लुधियानाचं, कॅरियर बांधकामाच्या सळईचं. गिअर तीन, पण वायर तुटली की हा हब सर्वांत जड गिअरला जाऊन बसतो. सांगलीच्या सपाटीवर ते खपून गेलं, साताऱ्याच्या चढाला जीभ बाहेर आली. नाव असायचं त्या नळीवर ऑइलपेंटचे थर. वरचा हिरवा, दाराला लावून उरलेला.

मिस्त्रींनी वाद कानाआड केला आणि सायकल उलटी केली. पायडलच्या एक्सलचा कप काढून दुकानातला दुसरा लावून पाहिला. तो फिरेना.

“आटे बारीक हैत. ही रॅले.”

इतर कारखान्यांचे इंचाला 24 आटे, नॉटिंगहॅमच्या रॅलेचे 26.

“आणि हे बीएसएचं चाक?”

“ते घरजावई. कॉटर पिन कानशीनं घासून बसवलीय, बघा.”

पंचाईत अशी, की हंबरचा सायकलधंदा रॅलेनं 1932 सालीच विकत घेतला होता. म्हणजे चिमटा मूळचा धरला तर मिस्त्री खरे आणि मामाही खरे. काका काही दिवस गप्प होते. मग 1957 साली रॅलेनं बीएसएच्या सायकलीही घेतल्याचा शोध त्यांना लागला. तेव्हापासून ते सायकलचा उल्लेख ‘आमची’ असा करतात.

तेव्हा वाचकहो, जुनी विलायती सायकल पारखायची तर आधी आटे मोजा, नाव मागाहून वाचा. आणि निकाल लागेपर्यंत मामा-काकांना एका गावात येऊ देऊ नका.