घरपोच चुना

रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य घ्यायचं तर अंगठा लावावा लागतो, सर्व्हरची मर्जी सांभाळावी लागते. जालना जिल्ह्यात बोअरच्या जड पाण्यावर जगणाऱ्या घराला मात्र महिन्याला 9 किलो चुना विनाअंगठा, विनापावती मिळू शकतो. हिशोब सोपा आहे. लिटरला 600 मिलिग्रॅम कठीणपणा, रोजची 500 लिटरची एक टाकी आणि महिन्याचे 30 दिवस. कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात मोजतात, म्हणून झाले 9 किलो. त्यातला बराचसा गटारात जातो हे खरं. पण योजनेचा मोठा हिस्सा गटारात जाणं आपल्याला काही नवीन नाही.

600 हा आकडा हवेतला नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या 2012 च्या मानकात कठीणपणा 200 पर्यंत असावा, असं म्हटलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालेल. म्हणजे ज्याला पर्याय नाही त्याची सोसण्याची ताकद कागदोपत्री बरोब्बर तिप्पट धरली आहे. याच न्यायाने, दुसरा रस्ता नसेल तिथे खड्डेही तिप्पट चालायला हरकत नसावी.

माणसं सोसतातही. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा कठीणपणासाठी आरोग्याची अशी कुठलीही मर्यादा ठरवलेली नाही. बिघडतात ती यंत्रं, आणि यंत्रांना मतदानाचा हक्क नाही. त्यामुळे हा विषय ना जाहीरनाम्यात येतो, ना मोर्चात.

गिझरने तर मानक वाचलेलंच नसतं. पाणी तापलं की त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॉइलवर पांढरा दगड चढतो. हा थर उष्णता अडवतो. कॉइल आतल्या आत भाजत राहते, मीटर पळत राहतं. दुकानातून पाच तारे मिरवत आलेल्या गिझरचे तारे मग फक्त स्टिकरवर उरतात. मेकॅनिक येतो, झाकण काढतो आणि निदान सांगतो, “पाणी जड हाय साहेब, कॉइल गेली.” वॉरंटीचं कार्ड शोधावं, तर क्षारांमुळे झालेला बिघाड बहुधा त्यातून वगळलेला. पाण्याच्या यंत्राला पाण्यापासूनच संरक्षण नाही!

वॉशिंग मशीनमध्ये साबण कपड्यांकडे जाण्याआधी कॅल्शियमशीच सोयरीक जमवतो. फेस येत नाही, म्हणून पावडर दुप्पट पडते आणि तरीही पांढरा सदरा राखाडी होतो. कुकरमध्ये तूर शिट्ट्यांवर शिट्ट्या खाते. दोष मात्र डाळ विकणाऱ्या किराणा दुकानदाराच्या पदरात.

अशा घरात मग टाय लावलेला तरुण येतो. दोन ग्लासांत पाणी घेतो, एक नळाचं, एक आपल्या आरओचं, आणि त्यांत लोखंडी सळया सोडून वीज लावतो. नळाचं पाणी क्षणात तपकिरी होतं, घर हादरतं. वास्तविक ती घाण सळईच्या लोखंडाची असते. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी, म्हणून वीज जेमतेम वाहते आणि रंगही चढत नाही. देशभर सळया पुरवणाऱ्या जालन्यात येऊन सळईच्याच जोरावर गिऱ्हाईक गटवणं, याला धाडस म्हणतात. पुढे तो आरओ एक हंडा गोड पाणी देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. टँकरची वाट पाहणाऱ्या गल्लीत ही मोरी बारमाही वाहते.

मुळात आकाशातून पडतं ते पाणी मऊच. मुरताना ते मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि आपल्या काळ्या बेसॉल्टमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम गोळा करत जातं. खडकात जितका मुक्काम जास्त, तितका साधारणपणे हा संग्रह मोठा. तलावाचं पाणी सहसा इतकं जड नसतं. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावातून जालन्याला पाणी उताराने यायचं, पंपाशिवाय. आज पैठणच्या नाथसागरातून आणावं लागतं आणि नळ मोजून-मापून दर्शन देतो. दोन पाळ्यांमधले दिवस बोअर भरून काढते. नळ जितका उशिरा, बोअर जितकी खोल, तितका कॉइलवरचा थर जाड.

उपायांचीही कमतरता नाही. कोणी तुरटी फिरवतो; तिने गढूळपणा खाली बसतो, कठीणपणा जागेवरच राहतो. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली मोसंबी वापरावी, तर ती पडली गोड; क्षारांशी गोड बोलून भागत नाही. तिथे लिंबूसत्वच लागतं. गिझरचं तापमान थोडं उतरवून ठेवलं तर थर हळू चढतो, एवढं मात्र खरं.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासायचे किट दिले आहेत. म्हणजे आकडा काढता येतो. तो फायलीत न ठेवता पाणीपट्टीच्या बिलावर छापावा, एवढीच नम्र मागणी. पाणीपट्टी थकवल्याच्या आनंदात असलेल्या नागरिकाला मग कळेल, की हीच पट्टी आपण मेकॅनिकला, जारवाल्याला आणि वीज कंपनीला भरतो आहोत, तीही कित्येक पटींनी आणि एका दिवसाचीही थकबाकी न ठेवता.